निळ्या गाडीचा उसासा

आपाम, शुक्रवार

तीर्थरूप अराबाताईस,

धाकट्या आटोचा वाकून नमस्कार. ताकोराडीच्या दमट हवेत तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बरे आहेत, म्हणजे दोन्ही जागेवर आहेत.

ताई, मी दमलोय. या वयात माणसानं सावलीत बसून शाळेतल्या कविता आठवाव्यात, तर मी गाडीच्या पोटात डोकं घालून बसलोय. आपल्या निळ्या गाडीत स्टिअरिंगपुढे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. (सुरुवातीला मला तो आवडला होता. तिन्हीसांजेला एकटं परतताना सोबत वाटायची.) पण मागच्या खेपेला लेकीनं तो पाहिला. आद्वोआला तू ओळखतेसच. आक्राच्या बँकेत लागल्यापासून तिचं बोलणंही शिक्का मारून बाहेर पडतं. "पप्पा, ईस्टरला मी येईन तेव्हा हा दिवा दिसला तर गाडी विकायची. चर्चा नाही." माझी मान्सा गेल्यापासून घरात कुरकुरणारं असं हे एकच उरलंय, हे त्या बँकेला कोण सांगणार?

गाडी नेली जोजो फिटरकडे. त्यानं तळहाताएवढं यंत्र स्टिअरिंगखाली जोडलं. त्यावर एक अक्षर आणि काही आकडे उमटले. "नाना, कोड आला. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी." मी म्हटलं, माझंही तसंच आहे. तो हसला नाही. त्यानं सेन्सर बदलला. दिवा विझला, बाजारापर्यंत शहाण्यासारखा राहिला आणि चर्चच्या चढावर पुन्हा उजळला. मग पेट्रोलचा पंप बदलला, पुन्हा तेच. मग म्हणे, कुठल्यातरी फटीतून हवा चोरून आत शिरतेय. म्हणून नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. गाडीची आंघोळ झाली, चोर सापडला नाही. मी हळूच सुचवलं, की ब्रेक दाबला की गाडी माझ्या पायाशी लांब उसासा टाकते. "नाना, गाड्या उसासे टाकत नसतात. तुम्ही कविता कमी वाचा." (बर्फावरची ती लांबलचक कविता मी शाळेत एका दमात म्हणायचो, आठवतं? बर्फ पडताना अजून पाहिलेला नाही. मान्सा म्हणायची, "तुमच्या कवितेतला बर्फ जरा माझ्या माशांवर पाडा. भट्टी पेटेपर्यंत टिकतील तरी.")

मोठ्या गॅरेजात म्हणे गळती शोधायला नळ्यांमध्ये धूर सोडायचं यंत्र असतं. जोजोकडे ते नव्हतं. पण आपाममध्ये धुराला काय तोटा? मान्साची धाकटी बहीण एकुआ किनाऱ्यावर आपल्या भट्टीत हेरिंग मासे धुरवत होती. कंबरेवर हात ठेवून तिनं सगळं ऐकलं. "भावोजी, जन्मभर दुसरं केलंय काय? आणा तुमच्या म्हातारीला इकडे."

भट्टीवर पत्र्याचा डबा पालथा घातला, त्यातून रबरी नळी काढून इंजिनाच्या हवेच्या वाटेत खुपसली, मध्ये लोहाराचा भाता. मला सांगितलं, आत बसा, काचा लावून घ्या, नाहीतर डोळ्यांत धूर जाईल. आणि ब्रेक दाबून धरा, नाहीतर उतारावरून थेट समुद्रात जाल.

ते दोघं बॉनेटखाली वाकून एकमेकांवर खेकसत होते. "दिसतोय का धूर?" "दिसतोय की, माझ्या नाकात!" इंजिनात कुठेच दिसला नाही. तो निघाला माझ्या पायाशी, ब्रेकच्या मुळातून, जिथून उसासा यायचा अगदी तिथून. मी ओरडलो. पण मी एकटा असलो की काहीतरी म्हणतच असतो, त्यामुळे कुणी वळून बघेना. ब्रेक सोडावा तर समुद्र, धरावा तर धूर. अखेर एकुआनं काचेतून डोकावलं आणि किंकाळी फोडली, "अरे जोजो, थांब! भावोजी धुरवले गेले!"

ब्रेकला इंजिनाचा जोर देणारा गोल डबा असतो, त्याच्या आतला पडदा फाटला होता. जोजोनं जुन्या बाजारातून दुसरा डबा आणून बसवला. चर्चचा चढ पार झाला, दिवा लागला नाही. कोड गेला. उसासाही गेला. (थोडं चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.)

तेव्हा आद्वोआला कळव, की गाडी ठणठणीत आहे, विकायचं कारण उरलेलं नाही.

तुझा,
आटो

ता. क. : गाडीला धुरवलेल्या हेरिंगचा वास लागलाय. गल्लीतली मांजरं टपावर मुक्कामाला आहेत. पाद्रीबाबांना घरी सोडतो म्हटलं, तर चालणं तब्येतीला चांगलं असतं म्हणून लगबगीनं निघून गेले.

ता. क. दुसरा : मान्सा याच गाडीतून धुरवलेल्या माशांच्या टोपल्या घेऊन मान्केसिमच्या बाजाराला जायची. मी काच उघडायचो, ती लावायची, सबंध रस्ताभर. ती गेल्यावर आद्वोआनं गाडी शाम्पूनं धुऊन घेतली, लिंबाचं अत्तर मारलं. छान झाली, कुणाचीच नसल्यासारखी. आता आल्या आल्या ती पुन्हा बादली मागेल. ताई, तू तिची आत्या आहेस, तुझं ती ऐकते. दरडावून सांग, "विकायचं म्हणालीस तर बोलू, पण गाडी धुवायची नाही." मी सध्या ती कुठे नेतही नाही. नुसता काचा लावून बसतो.