सात नंबरचं मशीन

अण्णा, सात नंबरच्या मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. एवढं सांगायला मला दहा वर्षं लागली, आणि त्यातली आठ तर तुम्ही ऐकायलाच नाही आहात. मराठी लिहायची सवय शाळेत कधी लागली नाही, म्हणून बोलतो तसंच लिहितोय. परवा आमच्या बजबजच्या तागाच्या मिलमधल्या एका बाबूने खिदिरपूरच्या गोदीजवळच्या बाजारातून खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आणला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. माझ्या हातात आला तेव्हा मी दुसरं काही केलं नाही, पाचाला शून्याने भागलं. काचेवर लगेच इंग्रजी ई उमटलं, म्हणजे चूक झाली, आणि तो गप्प बसला. ना आवाज, ना धूर. बाबू म्हणाले, मशीनं दुरुस्त करणारा माणूस आणि पहिल्यांदा हेच करून बघतो? मी पण हसलो. मग दिवसभर माझ्या हातातला स्क्रू एकदाही धड बसला नाही.

मॅट्रिकला मी दोनदा बसलो आणि दोनदा आडवा झालो. तेव्हा तुम्ही साहेबांपुढे उभे राहून मला तुमच्या कचेरीत टेंपररी चिकटवलंत. एस्प्लनेडच्या मागची ती इमारत, दुसऱ्या मजल्यावरचा लांब हॉल. टेबलांवर चादरीएवढाले कागद, उभ्या-आडव्या रेघा, खान्याखान्यात आकडे. एक आकडा बदलला की त्याच्या उजवीकडचे आणि खालचे सगळे खाने नव्याने करायचे. हिशेबाची बारा इलेक्ट्रिक मशीनं दिवसभर खडखडतायत, आणि खाली वर्कशॉपमध्ये तुम्ही. जिना चढता चढताच तुम्ही सांगायचात, चार नंबरला तेल द्या, नऊचा सरकता गाडा अडकतोय. आमचे हेडक्लार्क बडोबाबू तुमच्याबद्दल म्हणायचे, मिस्त्रीबाबूंचे डोळे बांधले तरी चालेल, कान बांधू नका. पुण्याहून बदली होऊन आलेला माणूस, बंगाली मोडकंतोडकं, पण त्या हॉलमध्ये तुमचा शब्द शेवटचा.

आणि मी तुमचा दिवटा चिरंजीव. बडोबाबूंच्या मिटलेल्या छत्रीत मी कागदाचे कपटे भरून ठेवले होते. ट्राम स्टॉपवर त्यांनी छत्री उघडली आणि अक्षता पडलेल्या नवरदेवासारखे उभे राहिले. तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत, पण घरी ताटावर बसल्यावर तुम्हाला हसताना ठसका लागला होता. ते मी बघितलं होतं, अण्णा. पुढचं सगळं त्या ठसक्याच्या जोरावर झालं, असं कधी कधी वाटतं. तुमच्यावर ढकलतोय म्हणा.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला वर्कशॉपमध्ये बसवता, स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ माझ्या कानाला लावता. ऐक, म्हणता. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. बारातून तीन काढ, परत काढ, किती वेळा काढले ते मोज, तेच उत्तर. मी विचारलं, शून्याने भागलं तर? जन्मात पहिल्यांदा मी शहाण्यासारखं काही विचारलं असेन, तुमचा चेहरा असा उजळला. तुम्ही एकही आकडा न दाबता नुसती भागाकाराची कळ दाबलीत, आणि मशीन सुटलं. थांबेचना. तुम्ही थांबवायची कळ दाबलीत आणि म्हणालात, शून्य कितीदाही काढलं तरी काही कमी होत नाही, त्याला बिचाऱ्याला वाटतं काम बाकीच आहे. मोटर जळेपर्यंत काढत बसेल. हे कधी करायचं नाही. आता मला नको म्हणणं म्हणजे पत्ता लिहून देणं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

टिफिनला सगळे खाली उतरले की मी शेवटचा निघायचो. सात नंबर खिडकीजवळ होतं. कळ दाबायची, वर रेक्झिनचं आवरण घालायचं आणि साळसूदपणे खाली जाऊन झालमुडी खायची. लोक परत येतात तर रिकाम्या हॉलमध्ये आवरणाखाली सात नंबर एकटंच धडधडतंय. जवळ कुणी नाही, कागद नाही, आकडा दाबलेला नाही, आणि वरचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापलाय. “कोलटाके भूते धोरेछे,” बडोबाबू म्हणाले, म्हणजे मशीनला भुताने धरलंय, आणि चार पावलं मागे सरकले. मी शूरासारखा पुढे झालो, प्लग काढायचं नाटक केलं, तेवढ्यात हळूच थांबवायची कळ दाबली. मागे काही उरतच नव्हतं. शून्याची खूण कुठे राहते?

तुम्ही वर आलात. मशीन चालवून बघितलंत, ठीक. बेरीज ठीक, गुणाकार ठीक. खाली नेऊन उघडलंत. पुढच्या आठवड्यात मी परत केलं. तुम्ही भागाकाराच्या कळीचा खटका बदललात, मग स्प्रिंग, मग सगळं धुऊन नव्याने बसवलंत. एकेक भाग काढायचा, चालवायचं, ऐकायचं. दोन दिवस तुम्ही टिफिनच्या वेळी त्याच्यासमोर डबा घेऊन बसलात आणि ते निमूटपणे बंद राहिलं. मला हसू आवरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जिन्यात तुम्ही मला थांबवलंत. आवाज चढवला नाहीत.

“हॉलमधून शेवटचा तू निघतोस. कळ तू दाबतोस का?”

“नाही अण्णा.”

“माझा कान सांगतोय मशीन चांगलं आहे.”

“मी कशाला दाबू?”

 मग म्हणालात, “बरं. तू नाही म्हणतोस तर नाही. मग माझाच कान चुकतोय.”

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी तिसऱ्यांदा केलं, कारण आता थांबलो तर तुम्हाला कळेल अशी भीती. बघा अक्कल. त्या दिवशी खाली कुणाशी तरी फुटबॉलवरून वाद घालत बसलो आणि वर यायला उशीर झाला. आलो तर हॉलमध्ये जळक्या वार्निशचा वास, साहेब स्वतः उभे, कुणीतरी प्लग ओढलेला. धुराच्या गडबडीतही मी ती थांबवायची कळ दाबून घेतली, खूण राहू नये म्हणून. ते बरोबर जमलं.

साहेबांनी तुमच्याकडे लेखी रिपोर्ट मागितला. बाहेर भिंतीवर यंत्रं नकोत म्हणून घोषणा रंगवलेल्या असायच्या, साहेबांना त्यात घातपाताचा वास आला. एक तर बिघाड दाखवा, नाहीतर कुणाचा हात आहे ते नाव द्या, असं ते म्हणाले. नाव म्हणजे आम्हा टेंपररी लोकांपैकीच कुणाचं तरी जाणार होतं. तुम्ही लिहिलंत की हात कुणाचाही नाही, खटका मी बसवला तो नीट बसला नाही, दोष माझ्या कामाचा. ते मला बडोबाबूंकडून कळलं. महिन्याभरात तुम्हाला वर्कशॉपमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. कागदाची रिळं आणि शाईच्या रिबनी. वर्कशॉपमध्ये नवा पोरगा आला, तो प्रत्येक मशीन आधी उघडायचा आणि मग विचार करायचा.

तुम्ही कटकट केली नाहीत. नुसतं जिना चढताना बोलणं बंद झालं. घरी पंखा कुरकुरायला लागला तर तुम्ही मला विचारलंत, आवाज येतोय ना रे, का मलाच वाटतंय? आदल्या वर्षी तुम्ही शेजाऱ्याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे भिंतीपलीकडून ऐकून सांगितलं होतं. मी म्हणालो, येतोय आवाज. तुम्ही तरी खुर्चीवर चढला नाहीत. बाहेरचा माणूस बोलावलात.

दोन वर्षांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलंत. एक दिवस दुपारी मी मोसंबं सोलत बसलो होतो, आई औषधाला गेली होती. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, “सात नंबरला काय झालं होतं रे?”

मी म्हणालो, “जुनं झालं होतं, अण्णा.”

“जुन्याचा आवाज वेगळा असतो,” असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं आता पुढे काही बोलाल. मी फोडी वाटीत ठेवत गेलो. तुम्हाला कळलं होतं का, आणि मी सांगावं म्हणून वाट बघत होतात का, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. रोज नव्याने ठरवतो.

सांगितलं नाही ते माराच्या भीतीने नव्हे. नोकरीचंही तसं काही नव्हतं. मला खोटारडा म्हणायला शाळेतल्या मास्तरांपासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळे तयार होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. जिन्यात तुम्ही ‘तू नाही म्हणतोस तर नाही’ म्हणालात, तसं मला आधी कुणीच म्हणालं नव्हतं. ते मला एवढं गोड लागलं की परत द्यावंसं वाटेना. तुम्ही त्यासाठी तुमचा कान दिलात आणि मी तो ठेवून घेतला.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. रविवारी आपली मराठी मंडळी घरी आली होती, त्यांच्यातल्या एकाने तुमची आठवण काढली, काय कान होता म्हणाला. आई म्हणाली, हो, पण शेवटी शेवटी तो गेला हो, मशीनचा आवाजच कळेनासा झाला त्यांना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, नाही का रे? मी हो म्हणालो.