मालकाच्या डोळ्यांचा रंग

१२ फेब्रुवारी १९६७, रविवार
मले विचारलंच नाही! मालकाचा फोटो बुलढाण्याले रंगवाले गेला, अन् मले आज कळते. तेही कोणापासून? सवतीपासून! सोजरा म्हणे, "अक्का, मालकाचा फोटो रंगीत होऊन राह्यला बरं." तुळशीराम तिच्या पोटचा, म्हणून पहिली खबर तिले. मी काय गोठ्यातली?
नातीच्या लग्नात मांडवात लावाचा आहे म्हणे. एकच तं फोटो त्यायचा, शेगावले काढलेला. काळा-पांढरा.

१५ फेब्रुवारी
तिच्या हातचा चहा घेतला, पण तोंड फिरवून.

१९ फेब्रुवारी
शेषराव फोटोवाले घरी आले. फोटो मोठा करून आणलेला, रंग अजून नाही. म्हणे, "यात उजेड अन् अंधार तेवढा उतरते, बाई. रंग घरच्यायनंच सांगा लागते. फेटा लाल काय अन् हिरवा काय, इथं सारखाच काळा."
मी एका दमात सांगतलं — फेटा किरमिजी, कोट बदामी, धोतराचा काठ निळा. सारं धुणं माह्या हातचं! मले लय बरं वाटलं.
मंग त्यायनं विचारलं, "अन् डोळे? इथं उजेडानं पांढरे पडले."
मी पदर सारखा केला.
सोजरा म्हणे, "घारे."
मी म्हणलं, "काळे!"
शेषराव एकदा इकडं पाहे, एकदा तिकडं. "दोघींचं एक होऊ द्या. येत्या रविवारी येतो. रंग एकदा बसला की निघत नाही."
तुळशीराम तडकला, "मोठी माय, काऊन भांडून राह्यली?" त्याले काय विचारता! मालक गेले तवा हा पोटात होता.

२१ फेब्रुवारी
सोजराले वाचता येत नाही, म्हणून लिहून ठेवलं — मले माहीतच नाही. सासू-सासऱ्यापुढं नवऱ्याच्या तोंडाकडं पाह्याची रीत होती काय? दिवसा कपाळावरून पदर, रात्री दिवा फुंकलेला. त्यायचे पाय शंभरात वळखीन. डोळे नाही.
मंग तिनं कवा पाह्यले? त्यायनं हनुवटी धरून तोंड वर केलं असन तिचं! लोणारच्या जत्रेले तिलेच नेलं होतं. मी घरी, म्हैस व्याली म्हणून.
मले हनुवटी नव्हती काय?

२३ फेब्रुवारी
भाकर गेली नाही. ती गुणगुणत भांडे घासते. घारे म्हणे, घारे!

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी विहिरीवर गाठलं तिले. "खरं सांग, कवा पाह्यले?"
तिनं घागर खाली ठेवली. "कुठचे पाह्यले, अक्का! माहा पदर तं नाकापर्यंत. तुळशीरामचे घारे आहेत, म्हणून म्हणलं. तुम्ही काळे म्हणल्या, तवापासून झोप नाही मले. म्हणलं, अक्कानं पाह्यले."
शेषराव येऊन ओट्यावर बसले आहेत. आवाज देऊन राह्यले. मी उठली नाही. सोजराले सांगतलं — जा, जवाब तूच दे. घारेच सांग. अन् दोघींनं पाह्यले म्हण!