बिनपाण्याचं अंगण

आई, तुझ्या घायपातीला फूल आलंय. एक-दोन नाही गं, घोसच्या घोस, आणि तेही थेट गच्चीच्या वर. कठड्याला टेकून मान मागे टाकावी तेव्हा कुठं शेंडा दिसतो. बापा रे! आपल्या दारात असं काही उभं राहील हे मला कधी खरं वाटलं नव्हतं. तुला वाटलं होतं, म्हणून आधी तुलाच सांगायला बसले.

नव्वदच्या आगेमागे आपण पिपरी मेघेच्या लेआउटमध्ये, प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीत घर बांधलं, तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा आणि उन्हाळ्यात तोही रुसायचा. बाबांना समोर हिरवळ हवी होती. दुकानातून थकून आल्यावर अनवाणी पाय ठेवायला. शेजाऱ्यांकडे होती ना, मग आपल्याकडे का नको? तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, "गवताले पाजू का पोट्टीले पाजू, ते सांगा पह्यले." तुझं माहेर पवनारचं, भाजीवाल्यांचं. दिवसभर वाफ्यांत पाणी सोडणाऱ्या घरातली तू, आणि तुलाच बिनपाण्याचं अंगण सुचावं! मामाच्या वावराच्या धुऱ्यावरून, त्या काटेरी बांधावरून घायपातीची पिल्लं पोत्यात घालून तू एसटीनं आणलीस. कंडक्टर ओरडला, "काकू, हे काय आणून राह्यल्या? लोकाइच्या डोयात जाईन ना काटा!" तू पोतं मांडीवर घट्ट धरून म्हणालीस, "मंग लोकाइले सांग, जरासं सरकून बसा." मी लाजेनं खिडकीबाहेर पाहत होते.

आणि मग तू काय केलंस? वांग्याच्या रोपांसारखी ती पिल्लं काळ्या मातीत लावलीस आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलंस. दुसरं येत कुठं होतं तुला, सात पिढ्या भाजीच्या! पावसाळा संपेपर्यंत सगळी सडली. एकेक पिल्लू धरलं की बुडापासून हातात यायचं, वास मारायचं. तू ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "लाडानं मारलं पोरी मी याइले." त्या दिवशी जेवलीसुद्धा नाहीस.

पण हार मानशील तर तू कसली. पुढच्या उन्हाळ्यात अंगणातली काळी माती खणून काढलीस. मुरूम आणि गिट्टी टाकून मधे उंचवटा केलास. धाम नदीतले गोल गोटे मामाच्या बैलगाडीतून आले. तू ते धुतले नाहीस, म्हणालीस पाऊस धुईन. कडेनं कोरफड, निवडुंग, गोट्यांच्या सांदीत चिनी गुलाब, आणि उंचवट्यावर नव्यानं आणलेल्या पिल्लांपैकी सगळ्यांत धट्टंकट्टं एक. पायरीपुढची हातभर जागा तेवढी सड्या-रांगोळीला आणि तुळशीला ठेवलीस, तिलाही तांदूळ धुतलेलं पाणी. मग आम्हा सगळ्यांना उभं करून हुकूम सोडलास, "घायपातीले कोणी पाणी टाकाचं नाई. दया आली तरी नाई."

आत्या आली ती फाटकातच थबकली. "दारात काट्याचं झाड लावते का वो कोणी? घरात भांडणं लागते!" तू चहाचं आधण ठेवता ठेवता आतूनच ओरडलीस, "भांडाले काटा कायले पायजे बाई? आपण दोघी हाओ ना!" आत्या हसली, पण जाताना साडी सावरून, काट्यांकडे डोळे वटारून गेली.

त्याच्या पुढच्या मे महिन्यातली दुपार मला अजून दिसते. शेजारची हिरवळ करपून गवताची गंजी झालेली, त्यांची बादली विहिरीच्या तळाला खडखडतेय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि आपल्या अंगणात चिनी गुलाब फुललाय, लाल, पिवळा, राणी रंगाचा, जणू ऊन त्याच्यासाठीच पडलंय. घायपात निळसर, ताठ, पानावर एक सुरकुती नाही. मी कुलरपुढून उठून खिडकीशी येते, पाहते, परत जाऊन बसते, परत उठते. ही जगते तरी कशावर, हे मला कळत नाही. तू भाजी निवडता निवडता सांगतेस, लहानपणी धुऱ्यावर एकदा हिचं फूल पाहिलं होतंस, मान दुखेपर्यंत. "जिनगानीत एकदाच येते. पण पाह्यजो, कशी येते!"

तेव्हापासून दरवर्षी होळी झाली की तू पानांच्या मधे वाकून पाहायचीस. "आलं का वो काही?" आम्ही चिडवायचो, की हिला विसर पडलाय. तू म्हणायचीस, मी वाट पाहून राह्यली, ते काही विसरत नाई.

मग तुझ्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी तुझं पाणी मोजून द्यायला सांगितलं. बाहेर लू, आत तू, ओठ सुकलेले. तू पेल्याकडे बोट करायचीस आणि मी चमच्यानं ओठ ओले करून पेला उचलून ठेवायचे. एकदा हसलीस आणि म्हणालीस, "मलेच घायपात केलं का वो तुम्ही?" मग लगेच, "आलं का फूल?" नव्हतं आलं. त्याच उन्हाळ्यात तू गेलीस.

बाबा एकटे पडले म्हणून आम्ही आमचं बिऱ्हाड हलवून याच घरात राहायला आलो. इतकी वर्षं होळीनंतर मी वाकून पाहते, सवयीनं. यंदा पानांच्या मधून कोंब वर आला. दोन दिवसांत मांडवाच्या बल्लीएवढा जाड. सकाळी पाहावं तर संध्याकाळी आणखी वर, डोळ्यांदेखत वाढतोय असं वाटावं. आई, एवढ्या वर्षांत आम्ही तिला थेंब दिला नाही, मग हे सगळं हिनं साठवलं कुठं? आता पिवळ्या घोसांवर मधमाश्यांची झुंबड आहे, सारं लेआउट फाटकाशी येऊन आ वासून पाहतं. आत्यासुद्धा काठी टेकत आली आणि तिनं चक्क हात जोडले. बाबा खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या घरचीनं लावलेली हाये."

पण खालची पानं मऊ पडत चालली आहेत. तिनं होतं नव्हतं ते सगळं वर पाठवलं. फुलल्यावर ही वाळते, हे तू सांगितलं नव्हतंस. की सांगायचं टाळलंस?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं, रागावू नकोस. काही दिवसांपासून संध्याकाळी मी तिच्या बुडाशी पाणी घालते. उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी घालते, तांब्याभर, सावकाश, पुरतं मुरेपर्यंत उभी राहते. बाबांपासून लपवत होते. काल मागे वळले तर ते दुसरा तांब्या भरून उभे होते.