‘हूम’चा अभ्यास

३ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी साडेसहा.
सौ. माहेरी जाऊन आज बारा दिवस. कारण अखेर सापडलं. उगाच डोकं फोडून घेत होतो.

झालं असं. सासरे गेले तेव्हा ऑफिसात तपासणी होती. आवक-जावकचा हेडक्लार्क मी. मी नसलो तर रजिस्टरं कोण दाखवणार? जाता आलं नाही. पण हात बांधून बसलो नाही. त्याच दिवशी सौ.ला माहेरच्या पत्त्यावर सांत्वनपत्र धाडलं, टाइप करून, इंग्रजीत. सौ. शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा तिचा मान ठेवायला नको?

पंधरा दिवसांनी घरी आली, बॅग भरली आणि परत गेली. जाताना माझं पत्र टेबलावर ठेवलं. ‘युअर फादर, व्हिच वॉज अ गुड मॅन’ यातल्या ‘व्हिच’खाली लाल रेघ.

म्हणजे राग ‘व्हिच’चा! माणसाला ‘हू’, ‘हूम’ लागतं, मी सासऱ्यांना फर्निचरमध्ये जमा केलं. कुणालाही लागेल. दारातून म्हणाली होती की तुम्ही यायला हवं होतंत. पण ते रागाच्या भरात.

निश्चय: टू हूम, इन व्हिच, विदाऊट हूम, सगळं पंधरा दिवसांत पक्कं. मग एक बिनचूक पत्र. की आलीच सौ.

५ सप्टेंबर.
क्लास लावला. मंगळ, गुरू, शनि, सहा ते साडेसात. मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या, बाकी सगळी इंटरव्ह्यूवाली पोरं. काका, तुम्हाला कशासाठी, असं मॅडमनी विचारलं. म्हटलं, घरगुती कारण.

नियम सोपा आहे. माणूस असेल तर हूम, वस्तू असेल तर व्हिच, आणि टू, इन, विदाऊट जे काय असेल ते आधी. हात्तिच्या! एवढ्यासाठी कुणी माहेरी जातं?

९ सप्टेंबर.
सराव म्हणून टिपणीत लिहिलं: ‘द चेअर इन व्हिच द ऑफिसर सिट्स’. साहेबांनी बोलावून विचारलं, खुर्चीला काय झालंय. म्हटलं, काही नाही. साहेब म्हणाले, घरी जा, आराम करा.

घरी दूध उतू गेलं. गॅस पुसायचं फडकं काही मिळेना. बनियनने पुसला. उद्यापासून नीटनेटकं राहायचं.

१० सप्टेंबर.
मसुदा घेतला. ऑफिसच्या पद्धतीने कागदाला घडी, डावीकडे रुंद समास, समासात शेरे. पहिलं वाक्य: ‘द वुमन विदाऊट हूम धिस हाऊस’. पुढे सुचेना. समासात मराठीत लिहून ठेवलं: घर खायला उठतं. मग हात थांबेना. बाबा गेले तेव्हा तुझ्याजवळ असायला हवं होतं. रजा मिळत होती, मीच घेतली नाही. तुला रडताना बघायची मला भीती वाटते.

खाली शेरा मारला: विषयाशी संबंध नाही, स्वच्छ प्रतीत वगळावे. मसुदा कपाटात, कुलपात.

१२ सप्टेंबर.
मेहुण्याचा फोन. तिकडच्या शाळेत इंग्रजीची जागा रिकामी आहे, सौ.ला विचारलंय, वीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. म्हणाला, दाजी, काही करू नका, फक्त एकदा येऊन जा. तीन तासांचा तर रस्ता.

मी सांगितलं, पत्र विचाराधीन आहे. तिकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी. तयारी अर्धवट असताना जायचं आणि तोंडी फजिती करून घ्यायची, एवढा काही मी खुळा नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार. रात्रीचे आठ.
चाचणीत वीसपैकी एकोणीस! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर शेजारच्या काकू दारातच. म्हणाल्या, अहो, ती येऊन गेली. सव्वासहाला आली, तुमची वाट बघून बघून शेवटच्या गाडीला गेली. क्लासमध्ये निरोप धाडू का, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाली, नको, शिकताहेत तर शिकू देत.

ओट्यावर दोन कप. एक धुवून पालथा. दुसऱ्यात माझा चहा, बशीने झाकलेला, गार. बनियन धुवून दोरीवर.

चहा तसाच प्यालो. कप धुवून तिच्या कपाशेजारी पालथा घातला.

कपाटाचं कुलूप मात्र शाबूत. थोडक्यात वाचलो! तो कच्चा मसुदा तिच्या हाती पडता तर नाचक्कीच होती.

१७ सप्टेंबर.
स्वच्छ प्रत तयार. चौदा वाक्यं, अकरा हूम-व्हिच. समासातलं सगळं वगळलं. मॅडमनी तपासली, एकही चूक नाही. मग दबकत विचारलं, काका, हे कुणाला? सांगितलं. त्या म्हणाल्या, मग एवढं कशाला, जाऊन भेटा ना.

लहान आहेत. पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह रवाना.

२० सप्टेंबर, शुक्रवार.
पोच आली. सौ.ची सही. सही बघूनच भरून आलं. रजा टाकून निघावं असं सकाळी एकदा वाटलं. पण उत्तर येण्याआधी जाणं पद्धतीला धरून नाही. दूधवाल्याला मात्र सांगितलं, उद्यापासून एक लिटर.

२४ सप्टेंबर.
उत्तर आलं. मराठीत.

लिहिते की पत्र तीनदा वाचलं, चूक सापडली नाही. ती लाल रेघ हाताच्या सवयीने ओढली गेली होती, तिचं काही मनात नव्हतं. बाबा गेल्याचं दुःख होतं आणि तुम्ही आला नाहीत, याचं होतं. वीस तारखेला सकाळपासून फाटकाकडे बघत होते. चार वाजता शाळेत जाऊन हो सांगून आले. आता इकडेच राहीन. काळजी घ्या. गॅस पुसायचं फडकं ओट्याखाली डाव्या हाताला आहे.

कुलूप काढून मसुदा बाहेर घेतला. समास वाचला. चार वाक्यं. एवढीच पाठवायची होती. एवढीच तीन तास जाऊन सांगायची होती.

दूध रोज अर्धा लिटर उरतंय. आजही उतू गेलं. वाकून बघितलं. फडकं होतं तिथेच, डाव्या हाताला, घडी घालून ठेवलेलं.