सड्यावरचा दरबार

२ डिसेंबर, मंगळवार

वाडीने मला वकील नेमलं. कोर्टातला नव्हे. जुन्या अर्थाचा, एका दरबाराने दुसऱ्या दरबारात पाठवायचा तो. हा अर्थ सभेत मीच समजावून सांगितला. धोंडूतात्या म्हणाले, "अर्थ राहू दे रे, तुला इंग्रजी येतं म्हणून तू." ते बरोबर. शाळा आठवीत सुटली, इंग्रजी इंजिनांच्या मॅन्युअलांवरून शिकलो. मिरकरवाडा बंदरात बोटीचं डिझेल इंजिन अडलं की आज डिप्लोमावाले मला फोन करतात.

काम एकच. पाखाडीवरचं गेट उघडून घेणं. पाखाडी जांभ्याची, पायऱ्या एकशे चौदा, वाडीपासून वर सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, डांबरी रस्त्यापर्यंत. (लोक शंभर म्हणतात. मोजत कोणी नाही.) सडा बाहेरच्या एका शेटने घेतला, बंगला बांधला आणि दिवाळीनंतर पाखाडीच्या डोक्यावर लोखंडी गेट. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. खुर्चीत बसवून चौघे वर न्यायचे, वर रिक्षा. आता होडीने मिरकरवाडा. आणि ओहोटीला समोरचं खडप, पाण्याखालचा खडक, उघडं पडलं की होडी निघत नाही.

तहसीलला अर्ज दिलाय. पाखाडी दाखवणाऱ्या जुन्या नकाशाची नक्कल जोडून. तारीख फेब्रुवारीची. शहरात खोली बघू म्हटलं तर दादा: "मी माझ्या खाटेवरून हलायचा नाय."

६ डिसेंबर, शनिवार

पहिली भेट. चपला बाहेर, फोन बाहेर, पिशवी उलटी करून पाहिली. उन्हात दोन तास दहा मिनिटं उभा. बसायला बाक होता. त्यावर कुत्र्याची गादी वाळत घातलेली.

मॅनेजर पेडणेकर, चिपळूणकडचा. आपलाच माणूस, पण तिथे मराठी बोलताना इकडेतिकडे बघतो. कानाशी येऊन: "साहेब बोलल्याशिवाय बोलू नका. आणि निघताना पाठ करू नका त्यांच्याकडे." मला वाटलं थट्टा. नव्हती. मोलकरीण रिकामं ताट घेऊन उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली, मी बघितलं.

बंगलेवाल्याला या वहीत हु. लिहिणार. हुजूर. मी आत गेलो तेव्हा जेवत होता, चार पाहुणे. ताटातला मासा काट्याने उचलून त्यांना म्हणाला, "असली रत्नागिरी का पापलेट." मी म्हटलं, "सर, हा पापलेट नाही. हलवा." सवयीने. चुकीचं ऐकलं की तोंडातून जातंच.

एक बाई हसली. हु.ने सावकाश तोंड पुसलं. "मास्टरजी को बाहर खड़ा करो." आणखी पाऊण तास. मग पे. येऊन म्हणाला, आज नाही.

घरी बायको, सु.: "एक मासा कमी ओळखला असतात तर काय बिघडलं असतं?"

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ओहोटी. होडी निघाली सव्वाअकराला, दवाखान्यात पोचेपर्यंत दादाचा नंबर गेला. दुसऱ्या दिवशी घेतलं.  पुतण्या रुपेश बोलला: "काका, वकिली कुठवर आली?"

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज भरती साधायला पहाटे पाचला होडी काढली. दादा दवाखान्याच्या बाकावर पाच तास. मफलर माझा.

१४ डिसेंबर, रविवार

दुसरी भेट. हे नीट लिहून ठेवायचं, म्हणून सगळं लिहितो.

पुन्हा जेवणाची वेळ. हा माणूस जेवताना भेटतो, बहुतेक दुसऱ्याने उपाशी उभं राहावं म्हणूनच. कोळंबी होती. मोठी, डोक्यासकट भाजलेली. त्याच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला आमचा भिकाजी उभा. वाडीतला भिकाजी, वय एकसष्ट, गेटवर नोकरीला आहे तो. दोन्ही हातांची ओंजळ करून. हु. कोळंबीचं डोकं मोडायचा आणि न बघता डावा हात बाजूला न्यायचा. डोकं, साल, चोखलेलं शेपूट, सगळं भिकाजीच्या ओंजळीत. पाहुणे हसतसुद्धा नव्हते. टेबलावर वाटी असते तसा भिकाजी होता. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. मी सव्वीस डोकी मोजली. तेवढ्यात एका पाहुण्यानेही हात लांब केला.

 

भिकाजीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या नकाशाच्या नकलेकडे बघितलं.

मग गेटचं काढलं. हु. म्हणाला, पाहुण्यांसमोरून आजारी माणूस खुर्चीत जाताना बरं दिसत नाही, त्यांची भूक जाते. "आप समझदार हैं मास्टरजी." आणि एकदम गोड आवाजात, आप और क्या करते हैं?

आणि मी सांगितलं.

देवळात सगळ्या वाडीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं मी घालतो, हे सांगितलं. गाऱ्हाणं म्हणजे काय, ठिकाणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, हाक कशी घालायची, कोणाचं मागणं कोणत्या क्रमाने, मध्ये सगळी वाडी 'होय महाराजा' म्हणते ते कुठे. तालुक्यात इतकं पूर्ण कोणी घालत नाही, लोक मधली आठ वाक्यं गाळतात, हेही सांगितलं. अर्धा तास. खुर्ची दिली होती मला! हु. हनुवटीखाली हात धरून ऐकत होता. पाखाडी उतरेपर्यंत मी खुशीत होतो. खाली आल्यावर आठवलं, गेटाबद्दल शेवटी काहीच ठरलं नाही. आणि मी उतरलो ते भिकाजीने गेट उघडून दिलं म्हणून. त्याच हातांनी.

१५ डिसेंबर, सोमवार

भिकाजीच्या पडवीत गेलो. म्हटलं, बोलत का नाहीस?
"तू बोललास ना. हलवा म्हणालास. काय झालं?"
म्हटलं, नोकरी सोड.
"सोडतो. तू पगार देतंस?" मग हाताचा वास घेऊन: "राखेने घासले, लिंबू लावलं. जाईत नाय रे."

त्याच्या बायकोने चहा दिला. कप त्याने दोन्ही हातांत धरला आणि मला दुसरीकडे बघावं लागलं.

२० डिसेंबर, शनिवार

पे. स्वतः खाली आला. गेट त्याच्यासाठी उघडतं.

प्रस्ताव असा. पुढच्या रविवारी, २८ला, हु.कडे दुपारचं जेवण, मुंबईचे पाहुणे. मी जाऊन गाऱ्हाणं घालायचं. धोतर, उपरणं, नारळ, सगळं देवळातल्यासारखं. फक्त देवाच्या जागी हु. बसणार. 'बा ठिकाणदारा' असेल तिथे 'बा हुजुरा'. (हुजूर! हा शब्द मी या वहीबाहेर कधी काढलेला नाही. त्याचा त्यानेच निवडला.) नोकरमाणसं मागे उभी राहून 'होय महाराजा' म्हणणार. मागणं गेटाचं. आणि हु. प्रसन्न होऊन गेट देणार, मंगळवार-शुक्रवार, सकाळी नऊ ते दहा, दुपारी चार ते पाच. पाहुण्यांसमोर.

म्हटलं, लाज नाही वाटत सांगायला?
पे. म्हणाला, "शब्दच आहेत हो. मी रोज म्हणतो." मग पायरीवर बसून पाणी मागितलं. सु.ने दिलं. तांब्या पायरीवर आपटूनच दिलं.

२१ डिसेंबर, रविवार

दादाला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, वाडीत सगळ्यांना माहीत. माझ्याआधी बावीस वर्षं गाऱ्हाणं दादा घालायचा. दम पुरेना तेव्हा मी. मी त्याच्याकडून शिकलो नाही, तो शिकवायचा नाही. देवळाच्या खांबाआड उभा राहून पाठ केलं.

दादा: "माझ्या नावाने नको."
म्हटलं, मग कोणाच्या?
"कोणाच्याच. होडी हाय ना."

सभेत कोणी 'जा' म्हणालं नाही, कोणी 'जाऊ नको' म्हणालं नाही. धोंडूतात्या विडी शोधत बसले. रुपेश तेवढा म्हणाला, "काका, माझा बाप हाय तो. तुमचं धोतर धुऊन निघेल." तात्या उठून गेले. चीड आली सगळ्यांचीच. मला पुढे करून हे मागे हात झटकायला मोकळे.

२३ डिसेंबर, मंगळवार

होडी साडेदहाला. उशीर झाला, पण नर्सबाईने घेतलं. म्हणाली, पुढच्या वेळी जमणार नाही हं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

होडी निघालीच नाही. साडेनऊला खडप पूर्ण उघडं. रुपेश आणि पोरांनी ढकलून पाहिली, तळ घासला, फळी गेली. फोन केला तर म्हणाले, उद्या जागा नाही, आता थेट मंगळवारी आणा.

संध्याकाळी दादाच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला तो भरेपर्यंत सत्तर आकडे मोजले. उशीला टेकून बसलाय, आडवं झालं की दम लागतो. वहिनी माझ्यासमोर भांडी जरा जोरात ठेवते.

पे.ला फोन केला. एकच वाक्य बोललो. तो म्हणाला, "धोतर पांढरंच आणा, साहेबांनी सांगितलंय."

२८ डिसेंबर, रविवार

घातलं.

हिरवळीवर उंच पाठीची खुर्ची, हु. गळ्यात झेंडूचा हार घालून बसलेला. कपाळाला गंध, ते एका पाहुणीने लावलं, हसत हसत. बारा-चौदा माणसं, फोन वर धरलेले. मागे नोकर रांगेत. माळी, दोन मोलकरणी, ड्रायव्हर, भिकाजी, शेवटी पे. सुद्धा.

ठरवून गेलो होतो, पुटपुटायचं. पाच वाक्यं, नारळ, संपलं. मराठी कोणाला कळतंय तिथे. 'हुजुरा' शब्दही गिळणार होतो.

पण नारळ हातात आला, पाय जुळवले आणि आवाज लागला. लागला म्हणजे काय लागला! देवळात कधी लागला नव्हता असा. "बा हुजुरा, सड्याच्या राजा, आज हे तुझे लेकरू गाऱ्हाणं घालतंय ते मान्य करून घे." आणि मागून "होय महाराजा!" रांगेतून, एका दमात. त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही, ते शब्द ऐकले की आमच्या छातीतून उत्तर निघतंच. भिकाजीचा आवाज सगळ्यांत वर. मी एक वाक्य गाळलं नाही. मधली आठही घातली. जिथे श्वास थांबवायचा तिथे थांबवला. वाकडं असेल ते सरळ कर, चुकलं असेल ते पदरात घे. होय महाराजा. माझ्या भावाची वाट मोकळी कर. होय महाराजा.

संपलं तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला बरं वाटलं. हे लिहितोय, कारण दुसरं कोणाला सांगणार नाही. दोन-तीन क्षण, पण बरं वाटलं. मान वर करून मी त्यांच्याकडे बघितलं, आणखी कोणी काही म्हणतंय का म्हणून.

हु.ने हात वर केला, आशीर्वादाचा. "दे दिया!" हशा. पे.ने गेटची किल्ली भिकाजीच्या हातावर ठेवली. मग हु.ने माझ्याच नारळाचं खोबरं खाल्लं आणि करवंटी बाजूला धरली. भिकाजी नव्हता तिथे, किल्ली घेऊन गेला होता. करवंटी मी घेतली.

घेतली. हात आपोआप पुढे गेला.

घरी येऊन अंघोळ. सु.ने पाणी दुसऱ्यांदा तापवून दिलं.

२९ डिसेंबर, सोमवार

रुपेश वर जाऊन गेट बघून आला. भिकाजीने उघडून, लावून दाखवलं. रिक्षावाल्याला नऊची वेळ दिली. खुर्चीचा सैल पाय मी आवळला, चार बांबू तपासले. वाडीतल्या तिघांनी आज माझ्याशी हवापाण्याचं बोलणं केलं. धोंडूतात्या घरावरून गेले, थांबले नाहीत.

संध्याकाळी वहिनी सांगायला आली. व्हिडिओ आला फोनवर. कोणा पाहुणीने टाकला, तो ड्रायव्हरकडून फिरत फिरत वाडीत. रुपेशच्या फोनवर दादाने बघितला. दोनदा. आवाज मोठा करून.

गेलो. दादा उशीला टेकून होता. दम सावरला. मग म्हणाला, "एक शब्द चुकला नाहीस."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी ९.०५. अंगणात बसून लिहितोय, कारण हाताला दुसरं काम नाही. खुर्ची तयार. चौघे आलेत. वरून रिक्षाचा हॉर्न दोनदा ऐकू आला, म्हणजे गेट उघडलंय.

दादा खुर्चीत बसत नाही.

रुपेश पाया पडला, वहिनी रडली. दादा म्हणतो, "त्या वाटेने मला नेऊ नका. होडी काढा." मी आत गेलो तर माझ्याकडे न बघता: "तू बाहेर थांब."

खिडकीतून म्हटलं, दादा, झालं ते झालं, ते माझ्याबरोबर राहील. तू फक्त बस.
आतून दम घेत घेत: "तुझ्याबरोबर कसं राहील. किल्ली माझ्या नावाने मागितलीस."

९.१५. आज भरती पावणेआठच्या सुमारास होऊन गेली. पाणी उतरतंय, खडपाचं पहिलं टोक दिसायला लागलं. होडीची फळी परवा बसवली, पण डांबर ओलं आहे. पाणी धरेल की नाही, सांगता येत नाही. मला सांगता येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही. काढायची तर साडेनऊच्या आत. गेट दहापर्यंत.

दवाखान्याचा नंबर साडेदहाचा. आज चुकला तर शुक्रवार. शुक्रवारपर्यंत दादा

९.२२. चौघे माझ्याकडे बघतायत. रुपेश म्हणतो, "काका, उचलून बसवू काय? ओरडेल, पण बसेल. तुम्ही हो म्हणा."

होडीचा दोर मीच सोडवून आणलाय, तो मांडीवर आहे. खुर्ची समोर आहे.