जास्वंदीवरची फुली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि या वयात मी आज तुमच्यावरसुद्धा रागावलोय. शाळेच्या तारेच्या कुंपणाशी तुम्ही आम्हाला उभं केलंत तो दिवस आठवतो. मी पाचवीत, कवितांनी झपाटलेला. जाळ्यातल्या कोळ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "बाई, झोपाळ्यावर राणी बसलीय!" तुम्ही डोक्यात टपली मारता. "राणी नंतर. आधी पाठ वाच." मग मी कोळ्याची पाठ वाचायला शिकलो. पाठीवर पिवळे नि रुपेरी आडवे पट्टे, पाय दोन-दोन जोडून ताणलेले, जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी धाग्यांची फुली, म्हणजे ही फुलीवाली. पाठीवर वाळक्या पानासारखी तपकिरी नक्षी असली तर ती दुसरी, दिवसा पानाआड दडणारी. पाठीला काटे असले तर तिसरी. माणसाच्या वाटेला कुणीच जात नाही.

तीच फुलीवाली यंदा इथे हिंदी मुलखात, बाग सेवनिया वस्तीतल्या आमच्या फाटकाजवळच्या जास्वंदीवर आली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिच्यापाशी. दिवाळीची साफसफाई निघाली आणि शेजारच्या भाभीजी औषधाचा फवारा घेऊन हजर. "अंकल, हटिए. पीली धारी है, ज़हरीली है." मी पट्टे दाखवले, पाय दाखवले, म्हटलं, मच्छर खाती है बेचारी. "आप तो कवि आदमी हो," म्हणून हसल्या! अहो, आयुष्यात पहिल्यांदा मी कोरडी माहिती सांगत होतो! संताप झाला नुसता. त्या फवारणार, एवढ्यात तोंडातून निघून गेलं, "भाभीजी, निशान तो देखिए. दिवाली पर लक्ष्मीजी खुद स्वस्तिक बना रही हैं."

फवारा खाली. पदर डोक्यावर. हात जोडलेले.

म्हणजे पट्ट्यांनी जे झालं नाही ते एका थापेनं झालं. मग कसली तुमची ती 'आधी पाठ वाच'? कुणाला वाचायचीय पाठ? हेच तुम्हाला खडसावून विचारायला बसलो होतो.

पण त्याच संध्याकाळी भाभीजी ताट घेऊन आल्या. कुंकू, झेंडू, आणि जाळ्याच्या अगदी खाली पणती. धग वर गेली, फुली आक्रसली, तुटली. माझी राणी एका धाग्याला लटकत उतरली आणि पानांत गेली ती गेलीच. "देखा अंकल? पूजा लेकर चली गईं!"

तुम्ही असतात तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं, बाई. पणती ठेवून त्यांनी विचारलं होतं, "माचिस होगी?" आणि राणीची आरती होणार म्हणून मी इतका हरखलो होतो की खिशातली काडेपेटी मीच पुढे केली.