खालची आई

९ नोव्हेंबर
पुस्तकांचं आणखी एक खोकं आलं. पोस्टमनने पायरीवरच ठेवलं, बर्फात! तळाची दोन पुस्तकं ओली. रेडिएटरवर वाळत घातलीत, हर्शेलचे मोजे घालायची तशी. पानं फुगणार. फुगू देत.

यंदा मी किशोरांच्या पुस्तकांच्या समितीत आहे. मिरियम झेल्डिन पुरस्कार — ज्यू मुलामुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकांचा. आम्ही पाच जण. शिफ्रा अध्यक्ष, ती विद्यापीठात शिकवते. सेमूर निवृत्त मास्तर. दोघी शाळांतल्या ग्रंथपाल. आणि मी. कॉलेजची पायरी न चढलेली मी एकटीच. पण सिनेगॉगच्या तळघरातलं वाचनालय इतकी वर्षं मी सांभाळलं. मुलं कुठल्या पानावर कंटाळून पुस्तक टाकतात ते मला कळतं, तेवढंच.

हर्शेल असता तर म्हणाला असता, "लिबा, तू वाच, मी बक्षीस देतो." नवरा जाऊन दोन वर्षं झाली. अजून चहा दोन कपांचा ठेवते. एक ओतून देते.

१२ नोव्हेंबर
आजी सूप करते. आजी मेणबत्ती लावते. आजी मरते. नात रडते आणि शहाणी होते. सात पुस्तकांत हेच!

सेमूरचा फोन. "लिबा, या लेखकांना आज्यांचा एवढा राग का गं? मी आजी असतो तर कोर्टात गेलो असतो." खूप हसले. हसून झाल्यावर घर फार गप्प वाटलं.

१५ नोव्हेंबर
ओल्या पुस्तकांतलं एक वाचायला घेतलं. दुसऱ्या प्रकरणाला थांबले. पुस्तक मिटून ठेवलं.

१६ नोव्हेंबर
काल लिहवलं नाही. आज लिहिते.

पुस्तकात एक लहान मुलगा आहे. मूत्रपिंडाचं दुखणं. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेलेली. पणजी म्हणते — याला विका! जुन्या देशातली रीत. पोर दुसऱ्या बाईला विकायचं, पैसे घेऊन, साक्षीदार ठेवून. मृत्यूचा दूत या घरी आला तर इथे त्यांचं मूल नाहीच. आणि मुलाचं नावही बदलायचं. आल्टर म्हणायचं त्याला. आल्टर म्हणजे म्हातारा. दूत पोर शोधतोय, त्याला सापडतो म्हातारा. फसतो, जातो.

पुस्तकात ते पोराला खालच्या मजल्यावरच्या बाईला विकतात. एका डॉलरला. आणि त्या दिवसापासून पोर तिला "खालची आई" म्हणतं.

खालची आई मी आहे.

हे कुणाला सांगू? पानालाच सांगते. चौऱ्याहत्तर साल, हेच घर. वर काट्झमन राहायचे. एत्ता माझ्याहून लहान, काड्यांसारखे हात. तिचा योएल पाच वर्षांचा, चेहरा सुजून ब्रेडच्या पिठासारखा झालेला. एत्ताची आजी जिना उतरून आली, हर्शेलसमोर उभी राहिली. म्हणाली, "तुम्हाला पोर नाही. आमचं घ्या." हर्शेल चिडला. "आजी, आपण क्लीव्हलंडमध्ये आहोत! चंद्रावर माणूस जाऊन आला!" म्हातारी म्हणाली, "त्या माणसाचं पोर आजारी नव्हतं." हर्शेलने खिशातून डॉलर काढून माझ्या हातात दिला. मी एत्ताला दिला. ती रडत होती, पण घेतला.

त्या हिवाळ्यात योएल सुधारला. खरंच सुधारला! वरून चमच्याने रेडिएटरच्या पाइपावर ठोकायचा — म्हणजे खालच्या आईने वर यायचं. हर्शेल त्याला म्हातारबा म्हणायचा. "काय म्हातारबा, पेन्शन मिळाली का?" पोर खोटं खोकून दाखवायचं.

पुढच्या वर्षी ते डेन्व्हरला गेले. तिथे मोठं इस्पितळ होतं. एत्ताची दोन पत्रं आली. मग काही नाही.

पुस्तकावर लेखकाचं नाव आहे योएल आल्टर. फोटो नाही. माहिती नाही. नुसतं नाव.

जिवंत आहे!

१७ नोव्हेंबर
मोठा झाला. पुस्तक लिहिलं. माझ्यावर लिहिलं. हर्शेल, ऐकतोयस का?

२२ नोव्हेंबर
वरचा मजला उन्हाळ्यापासून रिकामा आहे. भाडेकरू मिळत नाही. आज सकाळी पाइप वाजला. टण टण — थांबून — टण. वाफ येते तेव्हा वाजतोच. मला माहीत आहे. तरी जिना चढून गेले. कुलूप उघडलं. रिकाम्या खोलीत ऊन पडलेलं. भिंतीवर कुणाचा तरी कॅलेंडरचा खिळा. उभी राहिले. "आले रे," म्हणाले. मोठ्याने! माझाच आवाज मला परका वाटला.

खाली आल्यावर पुन्हा वाजला.

२९ नोव्हेंबर
हर्शेल दर वर्षी योएलच्या वाढदिवसाला त्याचं वय सांगायचा. न्याहारीला, वर्तमानपत्रातून मान न काढता. "म्हातारबा आज तेरा." "म्हातारबा एकवीस. दाढी ठेवली असेल गाढवाने." मी म्हणायचे, शोधूया का? टेलिफोनचं पुस्तक मागवूया डेन्व्हरचं? तो म्हणायचा, "नको. आपण शोधलं की त्यांना आठवेल. मग येतील डॉलर घेऊन, सोडवून न्यायला."

रीत तशीच आहे. मुलाच्या लग्नाआधी आईबाप पैसे देतात आणि मूल परत विकत घेतात. ते कधी आलेच नाहीत. म्हणजे तो आमचाच राहिला. यावर आम्ही दोघं जगलो. लोकांच्या घरात मुलांचे फोटो असतात, आमच्या घरात एक न झालेला व्यवहार होता.

४ डिसेंबर
पुस्तक संपवलं. सोळा वर्षांचा आल्टर बसने निघतो, खालच्या आईला शोधायला. तिला विचारायला, की मी नक्की कुणाचा? सगळी वाट बर्फाची. तो रस्ता ओळखतो, पिवळ्या विटांचं घर ओळखतो. पायऱ्या चढतो. घंटीवर बोट ठेवतो. इथे पुस्तक संपतं. दाबत नाही!

असा शेवट कुणी करतं का? उठून दार उघडलं. समोरच्या झाडावरून बर्फ पडला, बस्स. थंडी आत आली. बराच वेळ दार बंद करवेना.

आजवर वाचलेल्या पुस्तकांत हे सगळ्यांत चांगलं. माझं आहे म्हणून नाही. पण माझं आहे, हे विसरून कसं वाचू?

११ डिसेंबर
सुपरमार्केटमध्ये पन्नाशीचा एक माणूस राय ब्रेड निवडत होता. डोळ्यांखाली सूज. त्याच्या मागे मागे चीजपर्यंत गेले. त्याने वळून विचारलं, "काही हवंय का, आजी?" इटालियन होता. लाजेने लोणच्याची बाटली घेतली, घरात तीन असताना.

१८ डिसेंबर
हनुकाच्या सणाची मेणबत्ती लावली. एकटीने म्हटलेली प्रार्थना फार पटकन संपते.

शिफ्राची मेल आली. अंतिम बैठक आठ जानेवारीला. खाली नेहमीची सूचना — लेखकाशी नातं किंवा ओळख असल्यास सांगावं, आणि त्या पुस्तकावर मत देऊ नये.

ओळख आहे का माझी? तो सहा वर्षांचा असताना शेवटचा पाहिला. मोटारीच्या मागच्या काचेत. तो हात हलवत नव्हता, नुसता बघत होता. याला ओळख म्हणतात का? नाही म्हणत. गप्प बसेन. मत देईन. त्याच्यासाठी एवढं एकच करता येण्यासारखं आहे.

३१ डिसेंबर
पाइप दिवसभर वाजला. आज वर गेले नाही. खालूनच चमच्याने उत्तर दिलं.

८ जानेवारी
बैठक झाली. सगळं नीट आठवून लिहिते.

सेमूरने डोनट आणले होते. साखर त्याच्या टायवर. बाकीची पुस्तकं पटापट झाली. मग योएलचं. शिफ्राने ते टेबलावर ठेवलं, माझी फुगलेली प्रत नव्हे, तिची कोरी. म्हणाली, "भाषा सुंदर आहे. पण मला हे खरं वाटत नाही. आपला पहिलाच निकष काय? ज्यू जीवन अचूक हवं. चौऱ्याहत्तर साली ओहायोत कोण मूल विकत होतं? शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली गोष्ट उचलून इथे चिकटवलीय."

सेमूर म्हणाला, "अगं शिफ्रा, माझी आई मला दृष्ट लागू नये म्हणून लाल दोरा बांधून बेसबॉलला पाठवायची. ओहायोतच."

"दोरा वेगळा. आणि मूल परत विकतच घेत नाहीत? ही तर उघड चूक आहे. लग्नाआधी सोडवून घ्यायचं, ही रीत. लेखकाला अर्धीच रीत माहीत आहे. कुठलीही ज्यू आई स्वतःचं मूल असं लटकत ठेवणार नाही."

दोघी ग्रंथपालांनी माना डोलावल्या. तिघी विरुद्ध. सेमूर आणि मी, दोन. माझं मत ठेवून काही होणार नव्हतं. माझ्याकडे मताशिवाय जे होतं त्यानेच झालं तर होणार होतं. आणि ते बोलले की मत गेलं.

सेमूरची कॉफी उचलून प्याले.

म्हणाले, "परत घेतलं नाही. ते तसंच झालं."

शिफ्रा म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"डॉलर मी दिला."

मग मी बोलतच राहिले — एत्ता, तिची आजी, पाइप, म्हातारबा. हर्शेल कसा चिडला होता. एक ग्रंथपाल रडायला लागली. शिफ्राने चष्मा काढला.

"म्हणजे हा योएल आल्टर तुमचा..."

"मुलगा. कागदावर नाही. पण लागतो."

सेमूर म्हणाला, "काय गं शिफ्रा, विकत घेतलेल्या मुलाचं कलम आहे का नियमात?" कुणी हसलं नाही. तोही नाही.

शिफ्रा हळूच म्हणाली, "लिबा, तुम्हाला बाहेर बसावं लागेल." आणि नोंदीत लिहिलं. मी उलट्या बाजूनेही वाचलं — नात्यामुळे मतदानातून बाहेर.

नात्यामुळे! बाहेर बाकावर बसले आणि तो शब्द तोंडात गोळीसारखा घोळवत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं.

९ जानेवारी
सेमूरचा फोन. "अभिनंदन, बाळंतीण. चार विरुद्ध शून्य." 

जिंकला. हर्शेलच्या खुर्चीला सांगितलं.

१४ जानेवारी
शिफ्राचा फोन. तिने प्रकाशकाला निकाल कळवला, आणि माझ्याबद्दलही. लेखकाने माझा नंबर मागितलाय. मंगळवारी दुपारी फोन करणार.

"आवाज कसा आहे गं त्याचा?" 

"मी बोलले नाही लिबा. प्रकाशकाने निरोप दिला. बैठकीत मी जे बोलले ना, कुठलीही ज्यू आई वगैरे... ते मनावर घेऊ नका."

नाही घेतलं. पण फोन ठेवल्यावर तिचं ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. एत्ताने खरंच का नाही सोडवून घेतलं? डॉलर काय जड होता? इतकी वर्षं आम्ही आमच्याच बाजूने विचार केला.

१७ जानेवारी
काय म्हणायचं त्याला? योएल? आल्टर? पन्नाशीच्या माणसाला म्हातारबा म्हटलेलं चालेल — आता शोभेलही! खसखशीचा रोल करून ठेवला. फोनवरून कुणी रोल खात नाही. तरी केला.

पाइप चार दिवसांत वाजलेला नाही. वाफ येते, रेडिएटर गरम होतो, आवाज नाही.

१९ जानेवारी
फोन आला. बाईचा आवाज. "लिबा? मी एत्ता. वरची."

म्हटलं, योएलला दे.

पुस्तक तिने लिहिलंय. त्याचं नाव घालून. डेन्व्हरला गेल्यावर पहिल्याच वसंतात तो गेला. कधीच का लिहिलं नाहीस, मी विचारलं. म्हणाली, "माझ्याकडचा गेला. तुझ्याकडे विकलेला होता तो राहिला होता ना. तुला कळवलं असतं तर तोही गेला असता."

मरणाची बातमी अशी खूप उशिरा पोचली तर आमच्यात आईने सात दिवस सुतकात बसायचं नसतं. एक तास. बूट काढून, जमिनीवर.

बसले.